हातचा एक

मे महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी
ग्रंथालयातल्या लांब टेबलाशी बसून
चार माणसं ठरवतात,
सहावीतली कुठली मुलं पुढच्या वर्षी भरभर गणित शिकतील
आणि कुठली सावकाश.
मी पाचवी. मी ठरवत नाही.
मी कॉफी ओतते, यादी छापते, शिक्के मारते.

यादीत तीन रकाने. परीक्षेचा आकडा,
बाईंचं मत, आणि एक अरुंद रकाना,
ज्याला मथळाच नाही.
एक्क्याण्णवच्या खाली हाव्हर्टी सर लाल रेघ ओढतात.
पट्टी माझ्याच टेबलावरची,
शून्याच्या बाजूनं झिजलेली.

एकोणनव्वद : यारेत्सी बारागान.
बाईंचं मत : मेहनती, अबोल.
अबोल असण्याचे किती गुण कापले जातात
ते कुठल्याच तक्त्यात नाही.

शहाऐंशी : ब्रॅम हॉलवेल, दातांच्या डॉक्टरांचा.
चुळबुळ्या, पण चमक आहे.
त्याच्या आईनं बुधवारीच निळा फॉर्म आणून दिला.
निळा फॉर्म म्हणजे,
परीक्षा काही का म्हणेना, आमचं पोर आम्हाला ठाऊक.
तो माझ्या दुसऱ्या खणात असतो.
मागितला तर द्यायचा.
मागायचा असतो हे कुणी कुणाला सांगायचं,
त्याबद्दल नियम गप्प.

यारेत्सी शाळा सुटल्यावर माझ्या ऑफिसात थांबते,
आई याकिमाच्या बागांतून येईपर्यंत.
ऑक्टोबरात मी पुस्तकजत्रेचा हिशेब करत होते,
तीनदा केला, तीनदा दहा डॉलर कमी.
काउंटरच्या पलीकडून, आकडे उलटे वाचत
ती म्हणाली, "दुसऱ्या ओळीत हातचा धरला नाहीत."
आणि पुन्हा बुटाची नाडी बांधू लागली.

परवा विचारलं, आई काय करते सध्या?
विरळणी, म्हणाली.
सफरचंदाच्या एका गुच्छात पाच फळं धरतात,
चार तोडून खाली टाकायची, मग राहिलेलं मोठं होतं.
राहतं कुठलं?
मधलं.
मधलंच का?
तिनं खांदे उडवले. "मुकादम म्हणतो म्हणून."
मग जरा वेळानं,
"खालची आंबट असतात. मी खाल्लीयत."

गुरुवारी संध्याकाळी खण उघडला.
निळा कागद तिच्या दप्तरात सरकवला,
सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली.
मुदत शुक्रवार, चार वाजेपर्यंत.
शुक्रवारी चार वाजले. साडेचार वाजले.
मी उगाच कुंडीला पाणी घातलं, दोनदा.

सोमवारी सकाळी कागद आला,
चौघडी घातलेला, कडेला पानाचा हिरवा डाग,
आणि सही अशी, जणू प्रत्येक अक्षर
आधी दुसऱ्या कागदावर गिरवून पाहिलेलं.

माझ्या शिक्क्याला रबराची चाकं आहेत,
दिवसाचं, महिन्याचं, वर्षाचं.
चोवीस वर्षं मी ती रोज सकाळी एक घर पुढं ढकलते.
त्या दिवशी तीन घरं मागं फिरवली.
चाक जड गेलं. त्याला सवय नव्हती.
शाई उमटली. शुक्रवार.
हाव्हर्टी सरांनी कागद पाहिला, मला पाहिलं,
आणि चष्मा पुसायला घेतला.

सप्टेंबरात यारेत्सी खिडकीवरून जाते,
जाड पुस्तक छातीशी धरून, अजून अबोल.
तिच्या बाई म्हणतात, प्रश्न फार विचारते हो.
मी हसते. शिक्का मारते. आजचाच.

पण त्या यादीत तिच्या खाली, ब्रॅमच्या वर,
अठ्ठ्याऐंशीला कोण होतं
ते मी पाहिलं नाही, असं मी म्हणते.
पाहिलं होतं.
डेल्विन ओस्टबी. पिवळ्या बसनं जातो,
तीन पस्तीसला.
माझ्या ऑफिसात तो कधी थांबलाच नाही.