कच्चा टाका

मॅनी ल्युबिन गेला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या,
त्यातली एक त्याच्या वयाबद्दल, तीही चुकीची.
मला ठाऊक आहे.
त्याची कंबर चौतीसवरून एकेचाळीसवर गेली
ती माझ्याच टेपखालून.

दर गुरुवारी साडेआठला, त्रेपन्नाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत,
तो वाकायचा, बाईसाहेबांचा पडलेला हातमोजा उचलायला,
आणि मागून विजार फाटायची.
एवढंच.
एवढ्यासाठी अख्खा देश मांडीवर ताटं घेऊन बसलेला असायचा.
ब्रॉन्क्समध्ये माझी आईसुद्धा, शेजारच्या पेत्रोनेबाईंकडे.
इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं तिला,
फाटलेली विजार कळायची.

फाटणं सोपं नसतं.
मशीनची टीप उसवायची, तिथे धावदोरा घालायचा,
टाके बोटभर लांब, दोरा जुन्या रिळाचा, कुजका;
चालताना टिकेल, बसताना टिकेल,
वाकल्यावर मात्र नाही.
सात वर्षं केलं मी हे.
लोकांची हसून मुरकुंडी वळायची तेव्हा
मी पडद्याआड, तोंडात टाचण्या धरून.
आधी चर्र. मग तो गडगडाट.
टाचण्या तोंडात असल्या की हसता येत नाही.

एका नोव्हेंबरात दुपारी कोरियाहून तार आली.
आई पेत्रोनेबाईंच्या खांद्यावर कोसळली
आणि मी कामावर गेले,
दुसरीकडे कुठे जायचं ते सुचेना.
विजार शिवली. मेणाचा दोरा, दुहेरी,
बारीक उलटे टाके, शेवटी तीन गाठी.
मी नाही, हातांनी.
हातांना त्या दिवशी काहीच फाटू द्यायचं नव्हतं.

तो वाकला.
काही नाही.
पुन्हा वाकला. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.
मग मॅनीनं मान वळवून विजारीकडे असं पाहिलं,
जसं जावई ऐनवेळी रुसावा.
तिची समजूत घातली. सोफ्याला वाकून नमस्कार केला,
कॅमेऱ्याला केला, व्हायोलिनवाल्याला दोनदा,
खुर्चीवरून उडी मारली, पाय फाकवून उतरला,
साबणाची जाहिरात राहून गेली,
काचेमागे दिग्दर्शक केस उपटत होता,
आणि शेवटी हा माणूस हातमोजा छातीशी धरून
अखंड विजारीनिशी निघून गेला,
वरातीतल्या नवऱ्यासारखा, हळूहळू.
तसं हसणं मी नंतर कधी ऐकलं नाही.

वाटलं, नोकरी गेली.
तो शिवणखोलीत आला, माझ्याकडे पाठ केली,
म्हणाला, फिलोमेना,
इतकं घट्ट मला बायकोनंही कधी धरलं नाही.
मी टाचण्या काढल्या, एकेक, आणि सांगितलं.
तो इस्त्रीच्या टेबलावर बसला.
नाव काय त्याचं?
ऑरेलिओ.
पुढे काही बोलला नाही. मीही नाही.
इस्त्री तापत राहिली, कापड जळल्याचा वास आला,
तेव्हा उठलो.

त्या कार्यक्रमाची रिळं कंपनीनं गोदाम रिकामं करताना टाकली.
कुणी म्हणतं चांदी काढायला वितळवली,
कुणी म्हणतं खाडीत.
चार मिनिटं तेवढी उरलीत, कुणाच्या तरी तळघरात सापडलेली,
तीही मुकी. त्या रात्रीची नव्हेत,
अशाच एका साध्या गुरुवारची.
नातीनं परवा फोनवर दाखवली.
तळहाताएवढा मॅनी.
हातमोजा पडतो. तो वाकतो. फाटते.
नात हसली. मी म्हटलं, मागे घे, पुन्हा लाव.

वाकण्याआधी
तो डावीकडे बघतो. पापणी लवते तेवढंच.
तिथे पडदा होता.
तिथे मी होते.
विसरलेच होते मी हे:
मी मान हलवल्याशिवाय तो वाकत नसे.

त्या रात्रीही बघितलं असणार त्यानं.
आणि मी हलवली होती मान,
हो म्हणून.