दरपत्रक

वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखले.
कागद, जाड, गणपत गल्लीतला: पंचावन्न.
पेन्सिल अर्धी झिजेल, म्हणजे बारा.
बस फुकट आहे बायकांना, तिथं शून्य.
खोडरबर धरायचा का?
आणि अकरा तास.
अकरा लिहिलं आणि पेन अडलं.
तासांपुढं काय मांडायचं असतं
हे चार वर्षांत कुणी शिकवलं नाही.
नाकाची सावली कुठल्या गालावर पडते, ते शिकवलं.

बाबांना विचारलं.
त्यांनी माग बंद करून ऐकलं,
म्हणजे अर्धं मिनिट.
"मला साडीमागं मजुरी मिळते.
साडीची किंमत मला कुठं ठाऊक?
एकदा खडेबाजारात बघितली होती, काचेत,
मीच विणलेली, काठावरनं ओळखली.
चिठ्ठी उलटी पडलेली.
आत जाऊन सुलटी कोण करणार?"
मग बटण दाबलं,
आणि सगळं वडगाव पुन्हा खडखडायला लागलं.

नागोजी पेंटर शिडीवर होते.
"मी अक्षरामागं घेतोय.
मराठीला काना-मात्रा फुकट.
कन्नडची गोलाई रंग जास्त खाते, पण दर एकच.
वरची ओळ कुणाची, खालची कुणाची,
ते भांडण गिऱ्हाईकानं रस्त्यावर करावं,
माझ्या शिडीखाली नको.
आता फ्लेक्सवाले फुटावर देऊलालेत, ते सोड.
तू असं कर पोरी,
तोंडाला येईल तो आकडा बोल
आणि गप्प बस.
गप्प बसायचेच पैसे मिळतात."

गप्प बसणं मला जमत नाही.
वर्गातला सुहास म्हणाला होता,
"दोन मिनिटाचं काम की तुझं."
त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचं चित्र,
दोन रात्री, नथीतले मोती वेगळे.
पाव किलो कुंदा दिला त्यानं.
चांगला होता. ते खोटं कशाला बोलू?

शनिवारी संपगावच्या निंगव्वा आल्या.
पदराच्या गाठीतून ओळखपत्र काढलं:
नखाएवढा माणूस, फ्लॅशनं दचकलेला.
"ह्यांचा एवढाच फोटो.
थोडं हसवता येतंय काय?"
हसायचे का, मी विचारलं.
"घरात नाही.
कंडक्टर होते. शेवटच्या स्टॉपला
गाडी रिकामी झाली की
मागच्या सीटवर बसून एकटेच हसायचे.
डबा घेऊन जायची, तेव्हा लांबून बघितलंय."
मग म्हणाल्या, "एष्टु?"

बाराशे, मी म्हटलं,
आणि श्वास न घेता, हजार,
म्हणजे आठशेसुद्धा चालतील.
समोरून एक शब्द आला नव्हता.
घासाघीस मी एकटीच करत होते,
दोन्ही बाजूंनी.

त्यांनी ओठातल्या ओठात मोजल्या,
नाल्कु, ऐदु, आरु,
दोनशेच्या सहा.
"पहिलं बोललीस तेच खरं.
आमचा माणूस तिकिटाला
कमी कधी घेत नव्हता."

अकराचे सोळा तास झाले.
डोळे पहिल्या दिवशीच आले,
हसू पाचव्यांदा.
तोंड कमी आणि गाल जास्त हसतात
अशा माणसांचं,
हे खोडताना कळलं.
खोडरबर आता रकान्यात आहे, पाच रुपये.
बाराशे भागिले सोळा केलं नाही.
ती चिठ्ठी उलटीच राहू दे.

आज सकाळी फोनवर कुणी
अनगोळचा मुलगा: कुत्र्याचं किती?
दोन कान, एक पडलेला.
मी आकडा पाठवला.
मागे-पुढे काही जोडलं नाही,
"चालेल ना" सुद्धा नाही.
फोन पालथा घातलाय कॉटवर
आणि हात मांडीखाली धरून बसलेय.

सात मिनिटं झाली.