निवताना

हिंगण्याची शेड. बाहेर सेहेचाळीस, आत तेराशे.
ढवंगळे म्हणतात, "बाहेरचंच जास्त होऊन राह्यलं बे."

काल ओतलेलं टायटॅनियम-ॲल्युमिनाइडचं पातं
टेबलावरून पडलं, कपबशीसारखं फुटलं.
भेगेत कण दिसले, ज्वारीएवढे जाड,
आणि एक पोकळी,
कोंडल्या श्वासाएवढी.

आज दुसरं.
आरगॉनच्या दाबानं आधी पोकळी मिटवली, मग भट्टी.
तेलात बुडवलं तर तडकतं.
भट्टीतच ठेवलं
तर आतले थर सुस्तावतात, रुंदावतात.
म्हणून हवेत. नुसतं हवेत.

ढवंगळेंनी स्वतः उठून कूलर बंद केला.
घाम निथळत आम्ही बघत बसलो,
लालाचं करडं होताना.

"उद्या," ते म्हणाले,
"पाडूनच पाहू टेबलावरून."