थेंब चालतात, धार नाही

रविवार कारंजाजवळ, घड्याळवाल्याच्या वरच्या मजल्यावर
माझं टेबल. एक दिवा, एक भिंग,
अकरा स्क्रू-ड्रायव्हर, त्यातला सगळ्यांत बारीक
चुंबकाला चिकटवलेला,
कारण तो हरवला की दिवस हरवतो.

ऑगस्टात गिऱ्हाईक येतं ते डब्यासकट.
डब्यात तांदूळ, तांदळात कॅमेरा.
हेरंब गायधनींनी तर इंद्रायणी आणलेला, वासासकट.
म्हटलं, काका, तांदूळ पाणी पितो ते शिजताना.
आता याच्या पोटात पीठ गेलंय,
तेही मलाच काढायचं.

पण कंपनीनं लिहिलंय ना, म्हणाले, पावसात चालतो.

लिहिलंय. बारीक अक्षरात.
थेंब चालतात, धार नाही.
दाराला रबर आहे, रबराला वय आहे.
आणि झूम बाहेर ओढलात की लेन्स श्वास घेते,
श्वासाबरोबर ओल आत जाते, मुकाट,
मग दिवाळीच्या सुमारास काचेवर बुरशी,
कोळ्यानं विणायला घेऊन अर्धी टाकल्यासारखी.
पाऊस घाटावर मारत नाही.
घरी आल्यावर मारतो, बंद बॅगेत.

हा मात्र पावसानं गेलेला नव्हता.
तळाची पट्टी उघडली तर गाळ.
गंगेचा. मी ओळखते तो,
चहात विरघळलेल्या बिस्किटाच्या रंगाचा,
शटरच्या पात्यांत घडी घालून बसलेला.
बॅटरी फुगलेली, पितळ हिरवं.

पायरीवरून सटकलो, एवढंच ते म्हणाले
आणि मनगटावरचा वळ बाहीत ओढून घेतला.

धरणातून पाणी सोडलं की दरवर्षी जातात ते.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी,
कमरेला पाणी, छातीला पाणी.
तीच पायरी, तीच चौकट, बावीस वर्षं.

कार्ड जिवंत होतं.
दोनशे बारा फोटो. दोनशे नऊ मारुतीचे.
मग आकाश, तिरकं.
मग एक हातगाडी, चाक वर, कणसं पाण्यावर,
आणि ताणलेल्या दोराच्या टोकाला एक हात,
बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या, चेहरा चौकटीबाहेर.
बटण कशानं दाबलं गेलं कोण जाणे.
शेवटचा नुसता तपकिरी.

मी काही विचारलं नाही.
शटर बदलावं लागेल, म्हटलं, बोर्डाची खात्री नाही,
त्यापेक्षा जुना दुसरा घ्या, स्वस्त पडेल.
ते स्क्रीनकडे बघत होते, मान वाकडी करून.
फोकस गेलाय, म्हणाले.
थोडं थांबून, पण सुटला नाही दोर.

पावतीवर बिघाडाचं कारण लिहायला एक रेघ असते.
तिथं 'पाणी' लिहिलं. जागा उरली होती.

डबा मात्र ते विसरून गेले.
तीन दिवस झाले, फोन लागत नाही.
तांदूळ मी पाखडून ठेवलाय,
त्यात निघालेला एक स्क्रू
कागदाच्या पुडीत, वेगळा.