लबनचा पेला, नमुना सतरा

मुहर्रकच्या धक्क्याखाली सुतळीला बांधून
मी समुद्रात काय काय सोडलंय:
बाटलीचं बूच, निळ्या जाळ्याचा तुकडा,
कुणा पोराच्या चपलेचा अंगठा,
आणि लबनचा रिकामा पेला.
त्याच्या बुडाशी अजून तारीख वाचता येते,
अमुक दिवसाच्या आत प्यावे.

आता समुद्र पितोय.

याकूब नाखुदा होडी धरून ठेवतो.
आमच्या हर्णैला ह्यालाच नाखवा म्हणतात, मी सांगते.
तो शब्द तोंडात घोळवतो, नाखवा, नाखवा,
आणि हसतो,
जणू हरवलेलं चुलत भावंड
जरा वाळून परत आलंय.

पहिल्या दिवशी काहीच नसतं.
म्हणजे डोळ्याला नसतं.
तिसऱ्या दिवशी बोट फिरवलं की कळतं,
भेंडी चिरल्यावर बोटांना राहते
तेवढीच बुळबुळ.

सातव्या दिवशी जांभळ्या रंगात बुडवून
काचेखाली धरलं, तर वस्ती.
कांड्या, ठिपके, स्वल्पविराम,
एकमेकांवर रेललेले,
स्वतःच्याच लाळेचं घर बांधून.
कोण कुठून आलं, आधी कोण आलं,
विचारायची सोय नाही.
स्वल्पविरामांपैकी काही पटकीच्या घराण्यातले,
म्हणून मी हातमोजे दोनदा तपासते.

खातात का? डॉक्टर मुनीरा विचारतात.
खातात का? पैसे देणारी कंपनी विचारते.
धाकटा मुजम्मिल व्हिडिओ कॉलवर,
आपा, ते प्लास्टिक खाणारे सापडले का?
सगळ्यांना वाटतं, एकदाचं कुणीतरी खाऊन टाकावं,
पंगतीत उरलेलं
शेवटी कुणाच्या तरी पानात वाढून
मोकळं व्हावं तसं.

मी वजनकाटा पाहते. दशांशानंतर चार आकडे.
पेला झिजलेला नाही. उलट
किंचित भरलाय.
खात नाहीत, मी वहीत लिहिते.
मग खोडते. नोंद अशी करत नाहीत.
राहतात.

याकूबचा आजा इथेच बुडी मारायचा,
नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा, कमरेला दोर.
शिंपल्याला काही खुपलं की तो त्यावर थर चढवतो,
आणि माणसं त्याच्यासाठी कर्जात बुडतात.
हेही थरच चढवतात.
ह्यांना कुणी गळ्यात घालत नाही,
एवढाच फरक, याकूब म्हणाला,
आणि थुंकला, पण वाऱ्याची दिशा बघून.

चाळिसाव्या दिवशी सुतळी ताठ.
इतके दिवस वर वर डुलणारा पेला
तळाकडे ओढ घेत होता.
प्लास्टिक तेच. पाणीही तेच, ऑगस्टचं,
चहाला ठेवल्यासारखं.
जड झालं ते फक्त
त्याच्यावर जगणाऱ्यांनी.

पेला सोडला त्या सकाळी हर्णैहून फोन वाजत होता.
मी आधी गाठ पक्की केली.
मग उचलला.
अब्बा बाविसाव्या वर्षी ह्याच बेटावर आले होते,
रंगाऱ्यांच्या खोलीत, एका खाटेवर दोघे, पाळीपाळीने.
त्यांच्या पत्रात हवा असायची, जेवण असायचं,
पगार उशिरा आला हेही असायचं,
आणि शेवटची ओळ नेहमी एकच.
आज त्यांचाही चाळिसावा.
तिकडे देग चढली असेल, मुजम्मिल माणसं मोजत असेल.
मला रजा मिळाली असती.
मीच मागितली नाही,
नमुना सतरा मधेच सोडता येत नाही, असं सांगून.

नियम असा की आज पेला खरवडायचा,
खरवडलेलं मोजायचं, उरलेलं वाफेत मारायचं.
मी हातमोजा काढला.
उघड्या बोटाने त्या बुळबुळीवरून एकदा, फक्त एकदा.
कोमट होती.
पाणी कोमट होतं, म्हणून.

याकूब म्हणाला, नाखवा थांबलाय, घाई नाही.
होडी हलत होती, अक्षर वाकडं आलं.

नमुना सतरा. दिवस चाळीस.
बुडू लागला आहे.
बाकी सर्व खुशाल.