वहीतल्या फुल्या

पहाटे पाचला टँकर येतो,
इस्तापालापाचा चढ चढताना धापा टाकत.
पाण्याचा रंग फिक्या चहासारखा.
कुठल्या विहिरीचं, हे ड्रायव्हरही सांगत नाही.

त्याच्याही आधी आलेले असतात रिकामे जार,
वीस-वीस लिटरचे, निळसर, पोटाशी ओरखडलेले.
ते दोन्या रेफुहिओच्या वाट्याला.
ती एकेकाच्या तोंडाला नाक लावते,
डोळे मिटते,
आणि लाल मेणखडूने फुली मारते, किंवा मारत नाही.

"यात रॉकेल होतं." बाद.
"यात पोरांनी बेडकं पाळली होती." हसते. बाद.
"यात महिनाभर पाणी तसंच राहिलं.
घरात कुणी नसणार."

मी आत, यंत्रांपाशी.
आधी क्लोरीन घालायचं, मग तेच काढायला
करवंटीच्या कोळशातून पाणी न्यायचं.
मिठाने त्याचा जडपणा मोडायचा.
पुढे तो पडदा. पंपाने रेटल्याशिवाय
तो थेंबालाही वाट देत नाही,
आणि जितकं पलीकडे जातं
जवळजवळ तितकंच इकडून गटारात.
हे गिऱ्हाइकाला कुणी विचारलं तरी सांगायचं नाही.
मग जांभळट दिवा. पाणी त्याच्याजवळ थांबतसुद्धा नाही,
पण त्यातलं जे काही जिवंत असेल
त्याची वंशवेल तिथे खुंटते.

पहिल्या दिवशी मी पडद्यापलीकडच्या नळाला ओंजळ लावली.
जीभ विचारत राहिली,
पाणी काही बोललं नाही.
मालक, क्रिसोफोरो, म्हणाला,
"म्हणून शेवटी चिमूटभर क्षार घालतो आपण.
नुसतं शुद्ध कुणाला गोड लागत नाही."

काल दुपारी एक जार हुंगून
तिने खाली ठेवलाच नाही.
मांडीवर घेऊन बसली.
पंपाच्या आवाजावर मी ओरडलो, काय, पेट्रोल?

"मका," ती म्हणाली. "भाजलेला.
गूळ. दालचिनी, पण हात राखून घातलेली.
आमच्याकडे डोंगरात
आई अशीच…"
आणि पंप आपोआप बंद झाला,
टाकी भरली होती,
तरी पुढचं मला ऐकू आलं नाही.

नियम असा की वास आला की जार बाद,
मग तो कसलाही असो.
तिने फुली मारली, अंगठ्याने पुसली, पुन्हा मारली.
वहीत नोंद केली.

संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा
वहीत फुल्या सतरा,
ढिगात जार सोळा.
मी दोनदा मोजले.
मग वहीतल्या सातावर
बोटाने थोडं पाणी सांडलं.