सावकाश

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीला आमची फौंड्री.
आजपासून हजेरीची वही माझ्याकडं.
मालकांनी पांढरं हेल्मेट दिलं,
पोरांनी मिरची भजी मागवली,
आणि पहिल्या तासाभरातच मी दोघांवर ओरडलो.

भट्टीपाशी उभा राहिलो तेव्हा भरमाण्णा मिस्त्री आठवले.
कंग्राळीचे. डाव्या मनगटावर लोखंड उडाल्याची खूण,
मसुराच्या दाण्याएवढी.
घड्याळाखाली झाकता आली असती. झाकली नाही.

ओतकामाला त्यांचा एकच शब्द: सावकाश.
गोकाकच्या शिवलिंगला तो कन्नड वाटायचा,
येळ्ळूरच्या मला मराठी.
कुणाचा, हे त्यांनी कधी ठरवू दिलं नाही.
बाहेर पाट्यांना काळं लागायचं, बस बंद पडायच्या,
आत आम्ही दोघं एकाच दांड्याला धरून
चौदाशे डिग्रीचा रस न्यायचो.

दांड्याचं असं असतं:
पुढच्याला रस दिसत नाही,
मागच्याला वाट दिसत नाही.
म्हणून पुढच्यानं बोलत राहायचं.
खड्डा आहे. वळालोय. थांब.
"गप्प चालणारा पुढारी," मिस्त्री म्हणायचे,
"मागच्याचे पाय जाळतोय बघ."

एकदा बारा साचे वाया गेले, पंपांची घरं.
फोडून बघितली तर आत पोकळ्या,
सीताफळाच्या बियांएवढ्या.
मी शिवलिंगचं नाव घेतलं.
तो बोलला नाही. आरोप कळण्याइतकं मराठी त्याला येत होतं,
उत्तर देण्याइतकं नव्हतं.
मिस्त्रींनी मूठभर वाळू उचलली, दाबली,
माझ्यासमोर उघडली. तळहात ओला.
"सकाळी वाळू कुणी बघितली?"
मी.

मग ते ऑफिसात गेले.
काच आहे, सगळं दिसत होतं:
मालकांसमोर उभे, हात मागं.
ऐकू काही आलं नाही.
शनिवारी माझं पाकीट पुरं निघालं, शिवलिंगचंही.
मिस्त्रींनी आपलं न मोजताच खिशात घातलं.

मला एका शब्दानं बोलले नाहीत.
सोमवारी फक्त दांड्याला शिवलिंग पुढं,
मी मागं.
तो कन्नडात बोलत राहिला.
बा. निल्लू. कल्लू ऐती.
चार वर्षं शेजारी काम करून न शिकलेली भाषा
मी चाळीस पावलांत शिकलो,
पाय माझे होते म्हणून.

आज दुपारी त्यांना फोन केला.
गुडघे गेलेत, घरीच असतात.
म्हटलं, मिस्त्री, वही माझ्याकडं आली.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली, ती होईपर्यंत थांबले.
"वाळू बघितलीस?"

पाचला ओतकाम.
ढिगाकडं गेलो तर तिथं मुनेसर,
सकाळी ज्यांच्यावर ओरडलो त्यातला एक,
छपऱ्याहून आलेला, महिना झाला नाही अजून.
मूठ दाबून उभा होता. मला बघून
ती पाठीमागं लपवायला गेला,
मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढं धरली.
"गीली है, साहब."

ओली होती.
केव्हापासून त्याला ठाऊक होतं, विचारलं नाही.
आज सकाळपासून, असंच म्हणाला असता.

ओतकाम थांबवा म्हटलं. पेट्या खोला.
आणि काचेच्या केबिनकडं निघालो.
अंगण ते दार, पन्नास पावलं असतील.
हात मागं घ्यावेत की पुढं ठेवावेत
हे दारापर्यंत ठरेना.